जिन्याखालचे तिरळे डोळे

मित्रांनो, तुम्ही धडाधड जिना उतरता तेव्हा खाली उजव्या हाताला एक कपाट लागते ना, तेच मी. जुने, बुटके आणि खरे सांगायचे तर थोडे तिरळे. पण या तिरळेपणाचा मला फार अभिमान आहे. का, ते ऐका.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवले. माझ्या दोन्ही दारांवर लाकडाची एकेक गोल, काळसर गाठ होती. खाली कडी जराशी वाकडी बसली होती. सुतार त्या गाठी झाकणार, इतक्यात त्याची बायको डबा घेऊन आली आणि थबकलीच.

"अहो, हे बघतंय माझ्याकडे! हसतंयसुद्धा!"

"लाकूड ते. काय बघणार?"

"मग तुम्ही का केस सारखे करताय?"

सुतार हसला आणि माझे डोळे वाचले.

पुढे मी या इमारतीत आले. तळमजल्यावरच्या काकू कपडे शिवतात, म्हणून सगळे त्यांना शिवणकाकू म्हणतात. त्यांनी आपली मोठी कात्री माझ्यात ठेवली. ती त्यांच्या आईची. "ज्याला लागेल त्यानं न्यावी, संध्याकाळी परत ठेवावी," एवढेच त्या म्हणाल्या. मग कुणी हातोडी आणून ठेवली, कुणी दोरी, कुणी सायकलचा पंप. मला कुलूप नव्हतेच. वस्तू काढताना माणसांची नजर माझ्या डोळ्यांकडे जाई आणि ती आपोआप पुटपुटत, "आणतो हं संध्याकाळी." लाकडाला असे कोण सांगते? पण सांगत. आणि एकदा सांगितले की आणतही. काय सुखाचे दिवस होते ते!

मग इमारतीला रंग द्यायचा ठरला. रंगारी मोठा हौशी. त्याने माझ्या गाठींवर पुट्टी भरली, दारे साय फासल्यासारखी गुळगुळीत केली. "वा, नवंकोरं झालं की!" सगळे म्हणाले. मीही फुशारले.

पण त्यानंतर मला कुणी काही सांगेना. दार उघडायचे, वस्तू उचलायची, निघायचे. पंप गेला, दोरी गेली आणि एक दिवस कात्रीही गेली. शिवणकाकू कासावीस झाल्या. शेजारच्या नर्सताई रोज कामावरून येताना त्यांच्याकडे चहाला थांबत. काकू त्यांना बोलून गेल्या, "परवा पट्ट्या कापायला तूच नेली होतीस ना गं?"

"नेली होती. ठेवलीसुद्धा," नर्सताई म्हणाल्या. चहाचा कप अर्धा ठेवून त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मान खाली घालून माझ्यासमोरून जाऊ लागल्या. काकूंच्या घरी एकच कप दिसू लागला.

वरच्या मजल्यावरचे मास्तर तर गरजलेच. "माणसांवर विश्वास ठेवायचे दिवस गेले! उद्याच कुलूप लावतो. किल्ली माझ्याकडे!"

त्या दुपारी शिवणकाकू उरलेल्या वस्तू आवरायला आल्या. माझ्या दारावरून त्यांचा हात फिरला आणि थांबला. "अगं बाई, तुझे डोळे कुठं गेले?" त्या लगबगीने बटणांचा डबा घेऊन आल्या. एकसारखी मोठी बटणे काही मिळेनात. शेवटी एक कोटाचे काळे, एक फ्रॉकचे तपकिरी, अशी दोन त्यांनी डिंकाने, जराशी वरखालीच, चिकटवली.

तेवढ्यात नर्सताई आल्या. मान खालीच होती, पण नजर माझ्यावर पडली आणि त्यांना हसू आवरेना.

"काकू, तिरळं केलंत की याला!"

काकूंनी वळून पाहिले. कितीतरी दिवसांनी दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत होत्या. "तुझ्यावर उगीच..." काकू बोलू लागल्या.

"ते राहू द्या. चहा टाका आधी."

हसण्याचा आवाज ऐकून सगळी इमारत खाली उतरली. जो तो मला बघून हसे आणि मग घाईघाईने घरात जाई. पंप आला. दोरी आली. माझ्यातून कधी गेली हे मलाही न कळलेली पक्कड आली. सगळ्यांत शेवटी मास्तर आले, एका हातात नवे कुलूप आणि दुसऱ्या हातात कात्री.

"वर्तमानपत्रातली कात्रणं कापायला नेली होती," ते माझ्याकडे बघत पुटपुटले. "रद्दीखाली राहिली. बघतंयस काय असं?"

"ते बघत नाही, मास्तर," मागून नर्सताई म्हणाल्या, "मी बघतेय."

मास्तरांचे कान लाल झाले. मग तेही हसले. "चुकलो, ताई. कुलूप माझ्या ट्रंकेला लावतो."

मित्रांनो, बटणांना काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती बघून माणसांना आठवते की आपल्याला बघणारे, आपली वाट पाहणारे कुणीतरी आहे. म्हणून काही मागताना, देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे जरूर बघा. आणि हो, माझे तपकिरी बटण अधूनमधून सैल होते. येताजाता ते निखळताना दिसले तर काकूंना हाक मारा. परवा मास्तर हातोडी न्यायला आले, तेव्हा त्यांनीच ते अंगठ्याने दाबून बसवले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आणतो हं संध्याकाळी."