काचेच्या कपाटातला पैलवान

मी एक जुना लॅपटॉप आहे. पण मित्रांनो, एवढ्यावर माझी ओळख आटोपू नका. पत्रे टाइप करायला आणि लग्नाचे फोटो बघायला जे असतात ते वेगळे. मी गेमिंग लॅपटॉप. माझ्या पोटात चित्रे रंगवणारी वेगळी चिप आहे, दोन पंखे आहेत, कळांखाली रंगीत दिवे आहेत आणि माझा चार्जर विटेएवढा आहे. मला पिशवीत घालून जिने चढलात की तुमचा खांदा दिवसभर माझे नाव घेईल. पैलवानाला अंगाचे कौतुक असते तसे मला माझ्या ताकदीचे होते. आजही थोडे आहे, खोटे कशाला बोलू?

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे अवयव बसवले. मग माझी परीक्षा झाली, म्हणजे दिवसभर माझ्यावर लढाईचे खेळ चालवले. मी तापलो, घुमलो, पण कुठे अडखळलो नाही. तेव्हाच मी ठरवून टाकले की आपला जन्म लढायांसाठी आहे. पुढे खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी इजिप्तमधल्या दुम्यात शहरी आलो आणि गिर्गिस यांच्या दुकानात फळीवर बसलो.

तिथे पोरे यायची, माझ्या कळा कुरवाळायची, "भाऊ, यावर तो नवा गेम चालतो का?" असे विचारायची आणि किंमत ऐकून मोबाइलचे कव्हर घेऊन परत जायची. मी आपला दिवे लावून बसलेला.

एकदा उन्हाळा सरताना, कॉलेजे उघडायच्या बेतात असताना, तिघे जण आले. पुढे रोवान नावाची मुलगी. मागे तिचे बाबा मेतवल्ली, ज्यांना सारे उस्ता म्हणत, कारण इकडे हातात कसब असलेल्या कारागिराला उस्ताच म्हणतात. ते सुतार. दुम्यातमध्ये दगड भिरकावला तर तो सुतारालाच लागतो. आणि सर्वांत मागे आई नवाल, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्या पर्समध्ये तिच्या भिशीचे पैसे होते. ते खरे तर रोवानच्या लग्नात द्यायच्या सोनेरी काठाच्या डिनरसेटसाठी राखलेले. इकडच्या आया मुलगी लहान असल्यापासून तिच्या संसाराच्या वस्तू जमवतात. नवालचे सगळे जमवून झाले होते, तो सेट तेवढा राहिला होता. तो बाजूला ठेवून ती लॅपटॉप घ्यायला आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

तिच्या मनात माझ्या शेजारचा चंदेरी लॅपटॉप भरला.

"हा बघ किती नाजूक, चहाच्या ट्रेसारखा," ती म्हणाली. "नाहीतर तो काळा धोंडा."

"आई, मला शोभेला नकोय. मला फर्निचर काढायचंय, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असं."

"तुझ्या बाबांनी जन्मभर पेन्सिलीनं काढलं."

"आणि जन्मभर खोडलं," उस्ता म्हणाले.

गिर्गिस प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगून टाकले, "वहिनी, हा काळा गेमिंगचा आहे. पोरं खेळायला नेतात."

"खेळायला? म्हणजे मी माझी भिशी खेळात घालवू?"

"अगं आई, लढाईच्या खेळात भिंती, आग, धूर, सगळं एकदम दाखवावं लागतं," रोवान म्हणाली. "ज्याला ते झेपतं त्याला माझं कपाट जड नाही. थांब, दाखवतेच."

तिने आपले एक चित्र आधी त्या चंदेरीवर उघडले. खुर्ची होती. चंदेरीने बराच विचार केला, खुर्चीचे दोन पाय दाखवले आणि तिथेच बसकण मारली. मग तिने ती माझ्यावर उघडली. मी ती खुर्ची अशी गरगर फिरवली की उस्तांनी हात पुढे करून ती धरायलाच पाहिले. मग त्यांनी माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले, झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"आत काय आहे ते देव जाणे," ते म्हणाले, "पण बिजागरी घट्ट आहे."

झाले. नवालने पर्स उघडली. निघताना गिर्गिस यांनी बजावले, "जड काम असेल तेव्हा चार्जर लावूनच बस. गादीवर किंवा कापडावर ठेवू नकोस, खालच्या जाळीतून हा श्वास घेतो. आणि जपून वापरा." नवालच्या कानात एकच शब्द शिरला, जपून.

आता मित्रांनो, माझे दिवस कसे फिरले ते ऐका. इकडच्या घरांत दिवाणखान्यात एक काचेचे कपाट असते. त्याला निश म्हणतात. घरातले सर्वांत सुंदर कप, बशा, पेले त्यात मांडतात आणि किल्ली आईकडे असते. त्यातून कुणी काही पीत नाही. या घरातला निश खुद्द उस्तांनी बनवलेला, कोरीव वेलबुट्टीचा. त्याच्या मधल्या फळीवर डिनरसेटसाठी जागा मोकळी ठेवली होती. नवालने मला तिथे बसवले. खाली विणलेला रुमाल, वर विणलेला रुमाल, दृष्ट लागू नये म्हणून झाकणावर निळा मणी. कारखान्यातून आलेली पातळ फिल्म तिने काढू दिली नाहीच, उलट वह्यांना घालतात ते प्लास्टिक माझ्या पोटालाही चिकटवले, जाळीसकट. रोवानने कंपासच्या टोकाने त्याला गुपचूप भोके पाडली म्हणून मी वाचलो.

शेजारच्या कपांनी माझी चौकशी केली.

"आणि तुम्ही काय काम करता?" मी उलट विचारले.

"दिसतो," ते म्हणाले.

पाहुणे आले की मला बाहेर काढत. समोरच्या घरातल्या सोहेरमावशी तर आठवड्याआड येत. पडदे ओढून नवाल माझे दिवे लावायची आणि त्या म्हणायच्या, "माशाअल्लाह, माशाअल्लाह, किती देखणा. काय काय करतो गं हा?"

"सगळं करतो," नवाल म्हणायची आणि मला बंद करायची. सोहेरमावशी गेल्या की ती माझ्याभोवती ऊद फिरवायची. तो धूर जाळीत शिरायचा आणि माझे पंखे ठसकायचे. माझे एवढे कौतुक आधी कधी झाले नव्हते, आणि मी इतका दुःखी आधी कधी नव्हतो. कारखान्यात घाम गाळला तो दिवे लावून बसायला?

रोवानची गत याहून वाईट होती. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या शेवटी शाखा वाटून देत. फर्निचरच्या शाखेत जागा थोड्या होत्या. वर्षाचे मोठे चित्र ज्याला साधले त्याला ती मिळायची, उरलेल्यांना छपाईच्या शाखेत ढकलायचे. रोवानला लहानपणापासून बाबांचा धंदा शिकायचा होता, नव्या पद्धतीने. पण मी मिळायचो तासभर, तोही मागून मागून. "बास आता, बघ कसा तापलाय, दमला बिचारा," असे म्हणून नवाल मला उचलून न्यायची. मग रोवान कॉलेजातल्या म्हाताऱ्या संगणकापुढे रांगेत उभी राहायची.

चित्र द्यायच्या आदल्या शुक्रवारी मात्र तिने हट्टच धरला आणि मला दिवसभरासाठी मिळवले. जेवणाच्या टेबलावर बसवले, अर्थात रुमालावर, कारण टेबलाला चरे पडले असते. तिने काढले होते एक कपाट. त्याची पुढची फळी खाली पाडली की तिचेच टेबल व्हायचे. आतल्या उघड्या फळ्यांवरचे कप हाताशी.

"याला कुलूप कुठंय?" नवालने डोकावून विचारले.

"नाही ठेवलं."

"काच पण नाही?" उस्ता म्हणाले. "वा. बापाचा धंदा बुडवायचं शिक्षण घेते ही."

पण ते बराच वेळ पडद्यापुढून हलले नाहीत. रोवानने आता रेषांवर लाकूड चढवायला घेतले, मग खिडकीतला उजेड, मग कपांच्या सावल्या. मित्रांनो, मला वाटायचे लढाईएवढे अवघड काही नाही. एका कपाची खरी सावली पाडून बघा. मी सारे बळ लावले. पंखे असे घोंघावू लागले की स्वयंपाकघरात मासे तळणाऱ्या नवालला वाटले, बाहेर ट्रक उभा आहे. त्या कष्टात मी फार सुखी होतो.

रोवानचे काम आता माझ्या हाती होते, म्हणून ती हात धुऊन आईच्या मदतीला आत ताटे काढायला गेली. तेवढ्यात नवाल बाहेर आली. माशांचा वास माझ्यात शिरेल म्हणून तिला काळजी वाटली. तिने मोठा विणलेला रुमाल आणला आणि डोक्यापासून पायापर्यंत मला झाकले, प्रेमाने कडा खोचून. खालून कापड, वरून कापड, पोटाला प्लास्टिक. मी थोडा वेळ धडपडलो. मग माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

रोवानने रुमाल उचलला. पडदा काळा. तिने बटण दाबले, पुन्हा दाबले.

"सोहेरची दृष्ट," नवाल पुटपुटली. "मी ऊद आणते."

"आई, ऊद नको." रोवानचा आवाज अगदी हळू होता. "हा तू कुणाला घेऊन दिलास? मला, का कपाटाला?"

"मी? माझा सेट सोडला मी याच्यासाठी. कुणाचं बोट लागू दिलं नाही."

"तेच सांगतेय. माझं पण नाही."

नवाल खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरून आले. मला तिचा राग येत नव्हता. इतक्या मायेने मला कुणीच झाकले नव्हते.

उस्ता मेतवल्ली पाव मोडता मोडता थांबले. "नवाल," ते म्हणाले, "मी आजवर इतके निश विकले. लोक त्यात चांगले कप ठेवतात आणि फुटक्या कपातून चहा पितात. माझं पोट त्यावर चालतं, म्हणून मी गप्प बसतो. पण माझा रंधा कधी काचेमागे ठेवलेला पाहिलास? हा पोरीचा रंधा आहे."

नवाल उठली. या घरात फ्रिजच्या दारावर अजून दुकानातले प्लास्टिक होते, हे लक्षात घ्या. तिने पदराला हात पुसतात तसे आपल्या झग्याला हात पुसले, मला जवळ ओढले, कोपऱ्यात नख घातले आणि फिल्म सोलली. टर्रर्र आवाज झाला. मग मला पालथा करून पोटावरचे प्लास्टिकही ओढून काढले. मग ती आत गेली आणि मासे भाजताना निखाऱ्यांना वारा घालायचा पंखा घेऊन आली. मला वारा घालू लागली.

"आई, त्याला आत पंखे आहेत," रोवान म्हणाली. तिला हसू येत होते आणि रडूही.

"असू देत. बाहेरचा पण बरा असतो."

उस्तांनी लाकडाच्या दोन पट्ट्या आणून माझ्याखाली सरकवल्या. मी गार झालो आणि डोळे उघडले. सावल्यांचे काम बुडाले होते, पण कपाट शाबूत होते. जेवण पुढे ढकलून तिघे माझ्यापुढे बसले. नवालला चित्रातले काही कळत नव्हते, पण कप तिला कळत होते. "ही सावली खोटी आहे," ती म्हणाली, "उजेड इकडून येतो ना? मी रोज पुसते, मला माहीत आहे." रोवानने ती बदलली. सूर्य मावळला आणि मगरिबची अजान झाली तेव्हा चित्र पुरे झाले होते आणि मासे पार गार झाले होते. कुणी तक्रार केली नाही.

शाखांची यादी लागली त्या दिवशी उस्ता जिलबीसारख्या मशब्बकचे खोके घेऊन आले. रोवानला फर्निचर मिळाले होते. सोहेरमावशीही तोंड गोड करायला आल्या. त्यांची नजर निशच्या मधल्या फळीवर गेली. ती रिकामी होती.

"अगं बाई, विकलात काय लॅपटॉप?" त्यांनी हळूच विचारले. "काही अडचण होती तर मला सांगायचं."

"विकतेय कशाला?" नवाल म्हणाली. "तो कामावर गेलाय."

मित्रांनो, माझ्या ताकदीचे कौतुक मी फार ऐकले आहे. पण माझ्याबद्दल याहून मोठे कुणी काही बोलले नाही, आणि तेव्हा मी तिथे नव्हतो. रोवानने मला ते नंतर सांगितले, दप्तरातून काढताना, कपाळावर कपाळ टेकवून.

आता मी म्हातारा झालो. माझ्या कितीतरी कळांवरची अक्षरे पुसली आहेत, एक पंखा कुरकुरतो, बिजागरी सैल झाली आहे आणि उस्ता दर महिन्याला "दुरुस्त करतो" म्हणतात. मी त्यांच्या कारखान्यात एका कोपऱ्यात असतो. रोवान गिऱ्हाइकांना माझ्यावर कपाटे फिरवून दाखवते. भुसा फार उडतो, पण ती रोज मऊ कुंचल्याने माझी जाळी झाडते. जन्माच्या वेळची ती परीक्षा सोडली तर लढाईचा खेळ माझ्यावर आजवर एकदाही चालला नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

तुम्हीही माझ्यासारखा कुणी घेणार असाल, तर आधी आपले काम ओळखा आणि मग त्याला झेपेल असा निवडा. घेतल्यावर त्याला जपा. धूळ पुसा, खाली मोकळी जागा ठेवा, तापला तर थांबा. पण जपायचे म्हणून त्याला कामावाचून ठेवू नका. आम्ही झिजतो, त्याचे आम्हाला दुःख नसते. आम्हाला हात लागला नाही तर असते. अजून बरेच सांगण्यासारखे आहे, पण दारात एक बाई उभ्या आहेत, त्यांना मुलीच्या लग्नासाठी कपाट हवे आहे, आणि रोवानने माझे झाकण उघडले आहे.