डाव्या हाताच्या ढाली

डेसमंड ओल्डरशॉशी लग्न केलं तेव्हा त्याच्यासोबत एक अख्खी पलटण घरात येणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटाच्या दीड पेराएवढे शिपाई, काही शिशाचे, काही प्लास्टिकचे. लाल डगले, पांढरे पट्टे, पाठीवर गुंडाळलेलं कांबळं. डेस लाँग ईटनच्या लेस कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर नाण्याहून पातळ पितळी चकत्या सरळ करून आलेला माणूस जेवण झालं की मागच्या खोलीत जायचा आणि भिंगाखाली एकेका डगल्याला बटणं रंगवत बसायचा. एका शिपायाला आठवडा लागला तरी त्याला घाई नसे. आफ्रिकेतल्या खऱ्या शिपायांनी म्हणे उन्हात चमकू नयेत म्हणून पांढऱ्या टोप्या चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केल्या होत्या. त्या मळकट रंगासाठी डेसनं माझी निम्मी किटली संपवली असेल.

त्याच्याविरुद्ध लढायचा क्लाइव्ह गमली. क्लाइव्ह बस चालवायचा. इंग्रजांनी आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या मुलखावर स्वारी केली होती, ती लढाई हे दोघे असल्या खेळांच्या क्लबातल्या मोठ्या टेबलावर फासे टाकून पुन्हा पुन्हा लढायचे. झुलू क्लाइव्हकडे होते, कारण क्लबात ते दुसऱ्या कुणाला नको होते. शेकड्यांनी रंगवावे लागतात आणि शेकड्यांनी मरतात. क्लाइव्हची रीत सोपी होती. अंगणात ओळीनं उभे करायचे, तपकिरी फवारा मारायचा, ढालीवर एक पांढरा फराटा ओढायचा, झालं.

"क्लाइव्ह, हे झुलू आहेत की करपलेले सॉसेज?" डेस विचारायचा.

"सॉसेज तर सॉसेज. मागच्या खेपेला तुझी छावणी कुणी खाल्ली रे?"

"फासे बरे पडले तुला, म्हणून."

"आणि तुझे हे लाल डगलेवाले दुसऱ्याच्या घरात कशाला घुसले होते? आमंत्रण होतं का?"

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी पाव कापून त्यात चीज आणि कांदा भरून द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

मग फेब्रुवारीत एका सकाळी डेस स्वयंपाकघरातल्या नळाखाली ब्रश धूत होता. ब्रश हातातून पडला. तो उचलायला डेस वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी "डेस?" म्हटलं, तर त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती.

पाय काठीच्या आधारानं परत आला. उजवा हात आला नाही. शब्द तर कुठे गेले होते कोण जाणे. दवाखान्यात पहिला शब्द फुटला तो "डक". आमच्या भागात बायकोला, शेजाऱ्याला, दुकानातल्या पोरीला, सगळ्यांनाच लाडानं डक, म्हणजे बदक, म्हणतात. त्यात विशेष काही नाही. पण मी वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

घरी आल्यावर त्यानं काठीनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"शिपाई. वीक," तो म्हणाला. "सगळे. वीक."

मी विकले नाहीत आणि वादही घातला नाही. दार बंद तर बंद.

क्लाइव्ह दर गुरुवारी यायचा. रस्त्याची खोदाखोदी, त्याच्या बहिणीचा कुत्रा, असल्या गप्पा एकट्यानंच मारायचा. डेस खिडकीबाहेर बघत बसायचा. बोलायला शिकवणारी बाई चित्रांचे पत्ते घेऊन यायची. मांजर, चमचा, घर. डेस लहान मुलासारखा ते म्हणायचा आणि ती गेली की तोंड मिटायचा.

एका गुरुवारी क्लाइव्ह नवी पेटी घेऊन आला. प्लास्टिकचे इंग्रज शिपाई.

"आता मीच माझी पलटण उभी करतो," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडला. प्लास्टिकच्या चौकटीत जोडलेले सुटे हात-पाय कापून काढले, एकाला दोन्ही डावे हात चिकटवले, दुसऱ्याच्या बंदुकीला स्वतःचं बोट चिकटवून घेतलं. ते मी गरम साबणाच्या पाण्यात सोडवलं. मग त्यानं लाल रंग काढला. डगल्यासाठी काढलेला तो रंग शिपायाच्या हनुवटीवर गेला, नाकावर गेला. डेस बघत होता.

"नाक," डेस म्हणाला.

"काय झालं नाकाला?"

"लाल."

"थंडी आहे ना. सर्दी झालीय बिचाऱ्याला."

डेसनं डावा हात टेबलावर आपटला. "टोमॅटो! अरे गाढवा, तो शिपाई... तो टोमॅटो केलास तू!"

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी. चित्रांच्या पत्त्यांतून असलं वाक्य कधी आलं नव्हतं. क्लाइव्हनं मान वर केली नाही. ब्रश पाण्यात खळबळवत म्हणाला, "गाढव कुणाला म्हणतोस? पुन्हा म्हण. नीट ऐकू आलं नाही."

तो मुद्दाम करत होता की त्याला खरंच येत नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. दोन्ही शक्य आहे.

त्यानंतर दर गुरुवारी शिव्यांचा वर्ग भरायला लागला. क्लाइव्ह रंगवायचा, डेस त्याची अब्रू काढायचा, आणि वाक्यं लांबत चालली. मग एके दिवशी क्लाइव्हनं काडीला चिकटवलेली एक नखाएवढी ढाल डेसपुढे ठेवली. शरद ऋतूत क्लबात मोठा डाव होणार होता आणि त्याला ढिगानं ढाली हव्या होत्या.

"डाव्या हातानं बघ की."

डेसनं ब्रश उचलला, टेकवला, आणि भिरकावून दिला. पडद्यावर तो काळा डाग अजून आहे. पुढच्या गुरुवारी क्लाइव्हनं तीच ढाल पुन्हा पुढे ठेवली. या वेळी काडी मी धरली, कारण ती धरायला डेसला दुसरा हातच नव्हता. ब्रश थरथरला, काळा रंग पांढऱ्यावर फिसकटला, कडेनं फाटल्यासारखा पसरला.

"घाण," डेस म्हणाला.

क्लाइव्ह ढाल खिडकीशी घेऊन गेला. बराच वेळ बघत राहिला. "हेझल, इकडे ये. हे गाईचं कातडं नाही तर काय आहे?"

आणि खरंच, ते गाईचं कातडं होतं. झुलूंच्या ढाली गाईच्या कातड्याच्याच असायच्या.

"तुझ्या उजव्या हाताला हे जमलं नसतं," क्लाइव्ह म्हणाला. "त्यानं एकसारखे ठिपके काढून ठेवले असते. माझ्या मावशीच्या पोलक्यासारखे."

"खोटी... स्तुती करतोस."

"मी? तुझी? आजवर कधी केलीय?"

डेसनं विचार केला. केली नव्हती खरी.

पुढच्या आठवड्यात डेस म्हणाला, "गाई बघायच्यात." म्हणून मी त्याला गाडीत घालून कालव्यापलीकडच्या कुरणावर घेऊन गेले. काठी कुंपणाला टेकवून तो उभा राहिला. काळ्या-पांढऱ्या गाई चरत होत्या. ज्या माणसाला कोंबडी आणि बदक यातला फरक सांगावा लागतो, तो एकेका गाईकडे चित्र बघावं तसा बघत होता.

"एकही दुसरीसारखी नाही," तो म्हणाला.

एक गाय जवळ आली आणि कुंपणावर पडलेला त्याचा उजवा हात चाटायला लागली. मी तिला हाकलणार, तेवढ्यात डेस म्हणाला, "थांब."

"काय झालं?"

"ओलं लागतंय."

तो हात पुढे कधी हलला नाही. पण तेवढं त्याला जाणवलं होतं. गाय कंटाळून निघून गेली तरी आम्ही तिथेच उभे होतो. माझा हात त्याच्या त्या ओल्या हातावर होता आणि दोघांच्याही हाताला गाईचा वास येत होता.

उन्हाळाभर त्यानं ढाली रंगवल्या. मागच्या खोलीचं दार उघडलं. मी काडी धरायची, तो रंगवायचा, माझ्या अंगठ्यावर कायम ठिपके. ढाली संपल्यावर त्यानं क्लाइव्हचे झुलू भिंगाखाली घेतले.

"ह्यांना चेहराच नाही दिलास," तो क्लाइव्हला म्हणाला.

"इतक्यांना कुठून देऊ?"

"मीही कधी बघितला नाही. इतकी वर्षं समोर उभे होते." शब्द शोधायला तो थांबला. "मी फक्त किती मेले ते मोजत होतो."

क्लाइव्हनं तपकिरी रंगाची बाटली उघडली, त्यात जरा पिवळा घातला आणि डेसकडे सरकवली. डोळे काढणं डाव्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. पण गालावर, कपाळावर उजेड पडल्यासारखा एक ठिपका त्याला जमला. एखादा वैतागलेला दिसायचा, एखादा हसरा. एकाचा चेहरा थेट आमच्या टपालवाल्यासारखा झाला. त्याला आम्ही पुढच्या रांगेत उभा केला.

ऑक्टोबरमध्ये क्लबातला डाव मांडला गेला, तेव्हा डेस झुलूंच्या बाजूला जाऊन बसला.

"लाल डगले तू घे," तो क्लाइव्हला म्हणाला.

"तुझे? मला देतोस?"

"सांभाळ. एकाचंही बटण उडालं तर बघ."

डेस डाव्या हातानं पेल्यातून फासे टाकायचा. दुपारभर झुलू गवतातून पुढे सरकत होते आणि क्लाइव्ह गोंधळ घालत होता. त्याची एक तुकडी छावणीकडे पाठ करून उभी राहिली.

"मुद्दाम हरू नकोस," डेस गुरकावला.

"मुद्दाम कुठला? ह्या बाजूनं कसं खेळायचं ते मला येतच नाही!"

शेवटी फासे क्लाइव्हच्या बाजूनं पडले. डेसचे झुलू तंबूंपर्यंत पोचून संपले. टेबलाभोवतीचे लोक पडलेल्या शिपायांच्या ढाली उचलून उलटसुलट करून बघत होते. कुणीतरी विचारलं, "ह्या कुणी रंगवल्या?"

"मी," डेस म्हणाला. मग माझ्याकडे मानेनं खूण केली. "आणि हिनं."

घरी निघालो तेव्हा काठी घेऊन डेस पुढे बसला आणि क्लाइव्ह मागे, दोन्ही सैन्यांच्या पेट्यांमध्ये अडकून.

"तो शेवटचा फासा टेबलाच्या काठाला टेकून तिरपा राहिला होता," डेस म्हणाला. "पुन्हा टाकायला हवा होता."

"टेकला नव्हता! हेझल, तू सांग, टेकला होता?"

"तिला काय... विचारतोस? तुझ्या बाजूनं वाकडा पडला होता, मी बघितलंय, नियमात लिहिलंय, आणि तू मुकाट्यानं मोजून टाकलास!"

एवढं लांब वाक्य एका दमात त्यानं फेब्रुवारीनंतर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आमचं वळण आलं. मी ते जाऊ दिलं आणि गाडी तशीच सरळ कालव्याच्या रस्त्यानं पुढे नेली. दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.