जहाजाखालचा खडक

“सदर नकाशात बंदराच्या मुखाजवळील पाणकावळ्यांचा खडक दिसत नाही. तो खोदकाम करणारा उनोसुके याच्या हलगर्जीपणामुळे राहून गेला.”

नागासाकीच्या पुस्तकविक्रेत्यांच्या मंडळाने हे वाक्य दोनशे वर्षांपूर्वी एका फलकावर लिहून चौकात टांगले. तेव्हापासून ते मरायला तयार नाही. एका विद्वानाने ते फलकावरून उतरवून घेतले, दुसऱ्याने पहिल्याच्या ग्रंथातून घेतले, तिसऱ्याने दुसऱ्याच्या तळटीपेतून. आज ते संग्रहालयातल्या माझ्या काचेच्या पेटीवर, अगदी माझ्या डोक्यावर, सुबक अक्षरांत चिकटवलेले आहे. इतक्या विद्वानांपैकी एकालाही मान चार बोटे खाली घालून माझ्याकडे पाहण्याची गरज वाटली नाही.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. ज्या नकाशाबद्दल वरचे वाक्य बोलते, तो नकाशा माझ्यावरून छापला जात असे. ज्या खडकाबद्दल ते बोलते, तो खडक माझ्या अंगावर होता. तेव्हा या विषयात थोडे बोलण्याचा अधिकार मला असावा, असे मी नम्रपणे मानतो. नम्रतेचा भाग इथे संपला.

आधी ते वाक्य तपासू. ठशाच्या कामात जे कागदावर उमटायला हवे ते लाकडात उंच ठेवायचे असते आणि बाकीचे सगळे खोदून काढायचे असते. कागदावर समुद्र कोरा दिसावा म्हणून तेवढ्या जागेतले लाकूड गोल पटाशीने उकरून टाकावे लागते. म्हणजे आळशी कारागिराच्या हातून नको ते शिल्लक राहते. हवे ते नाहीसे होत नाही. उनोसुकेने हलगर्जीपणा केला असता, तर नागासाकीच्या समुद्रात दोनचार खडक जास्तीचे उगवले असते. खडक घालवायला घाम गाळावा लागतो. हलगर्जीपणाने घाम गाळल्याचा आरोप ठेवायला मंडळाची कल्पकता हवी, आणि तो खरा मानायला विद्वानांची.

आता माझी हकीकत ऐका.

मी डोंगरातल्या रानचेरीच्या खोडातून निघालो. माझी फळी पाडून ती कित्येक वर्षे सावलीत वाळवली गेली, कारण ओल्या लाकडावर कोरलेली रेघ पुढे वाकडी होते. यासुबेई नावाच्या प्रकाशकाने मला विकत घेतले आणि उनोसुकेच्या दारात आणून टाकले. उनोसुकेने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले, कान लावला आणि बायकोला हाक मारली.

“ओसेन, ऐक! काय खणखणीत आहे! माझ्यासारख्या माणसाच्या हातात पडायला नशीब लागतं.”

“फळीचं की तुमचं?” ओसेन चुलीपाशी रताळी उकडत होती. “थोडं कौतुक दुसऱ्यांनी करायला ठेवा हो. त्यांनाही काही काम नको का?”

उनोसुके असा होता. आपण बंदरातले सर्वांत चांगले खोदणारे आहोत हे त्याला ठाऊक होते, आणि दुसऱ्यांना ते ठाऊक नसेल तर तो स्वतः सांगत असे. सुरुवातीला त्याने कास्तेला केकच्या खोक्यांवर चिकटवायची चित्रे कोरली, मग औषधांच्या पुड्यांवरची अक्षरे, मग देवळांच्या परिसराचे छोटे नकाशे. नकाशाचे काम सर्वांत वरचे मानले जाई, कारण त्यात अक्षर, डोंगर आणि लाट या तिन्हींची पटाशी वेगळी चालते. बंदराचा नकाशा त्याच्याकडे आला तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि आपल्याला हे काम फार उशिरा मिळाले असे त्याचे स्पष्ट मत होते.

चित्रकाराचा पातळ कागद माझ्यावर पालथा चिकटवला गेला. त्यावर तेलाचे बोट फिरताच रेघा आरपार दिसू लागल्या. ठशावर सगळे उलटे असते: पूर्वेचे डोंगर पश्चिमेला, डचांची वखार भलत्या किनाऱ्याला. इतकी वर्षे उलटे कोरून उनोसुकेला खऱ्या गावापेक्षा उलटे गाव जास्त सवयीचे झाले होते. ओसेन शेजारणींना सांगे, “यांना देवळात पाठवलं की हे चिनी वस्तीत पोचतात.”

त्याने प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवली. घरे कोरली, होड्या कोरल्या, बंदराच्या मुखाशी तांदळाच्या दाण्याएवढा पाणकावळ्यांचा खडक कोरला. तो दाणा कोरताना त्याने श्वास रोखून धरला होता, हे मला पक्के आठवते. बाजूला इवल्या अक्षरांत नाव होते. भरतीच्या वेळी हा खडक पाण्याखाली जातो. गावच्या नावाड्यांना तो घरच्या उंबरठ्यासारखा माहीत होता. त्यांना नकाशाची गरज नव्हती. नकाशा परक्यासाठी असतो.

मित्रांनो, ती पहिली वर्षे माझ्या वैभवाची होती. दूरदूरचे प्रवासी डच जहाज, चिनी दिवे आणि शरदातला ओकुंचीचा उत्सव पाहायला नागासाकीला येत आणि परत जाताना नातेवाइकांसाठी माझा नकाशा नेत. छापणारे माझ्या अंगावर शाई लावत, कागद अंथरत आणि वेळूच्या सालीची गादी गोल गोल घासत. कागद उचलला की गाव सुलटे होऊन बाहेर पडे. लोक म्हणत, काय रेघ आहे! उनोसुके म्हणे, “आहेच.”

पण यासुबेईंचे समाधान कशाने होत नसे. एके दिवशी ते हातात माझी ताजी प्रत घेऊन आले आणि त्यांनी बंदराच्या मुखावर बोट ठेवले.

“उनोसुके, इथे काय आहे?”

“पाणकावळ्यांचा खडक, मालक.”

“अरे, लोक नागासाकीला खडक बघायला येतात का? त्यांच्या गावी दगड नाहीत? इथे मला डच जहाज हवं. मोठं, शिडं फुगलेली, सगळे झेंडे लावलेलं.”

“जहाज वर डोंगरापाशी बसवतो.”

“डोंगरावर जहाज? तू दारू प्यायला आहेस का?”

“मग खडक जरा बाजूला सरकवू?”

“बाजूला माझ्या पेढीचं नाव आहे.”

“मालक, खडकाला तुमचं गिऱ्हाईक ओळखता येत नाही. परका नावाडी हा कागद घेऊन आत शिरला, तर बोट फुटेल.”

उनोसुकेने बरेच दिवस मला हात लावला नाही. पण ठशाचा मालक प्रकाशक असतो, कारागीर नाही. आणि हे काम दुसऱ्याकडे गेले तर तो नवशिका सगळे बंदर खराब करील, ही भीती त्याला स्वतःच्या अभिमानामुळेच वाटली. शेवटी त्याने खडक काढला. हे मी लपवणार नाही. त्याने त्या जागी माझ्यात चौकोनी भोक पाडले, दुसऱ्या चेरीच्या लाकडाचे ठिगळ ठोकून बसवले आणि त्यावर जहाजाचा तळ कोरला. जहाज अप्रतिम झाले. दोरखंडसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. विक्री वाढली आणि यासुबेई भेटेल त्याला सांगू लागले की ही कल्पना आपल्याला चहा पिता पिता सुचली.

जहाज कोरल्यानंतर चौथ्या वर्षी, ऐन भरतीला, तांदळाचे गलबत घेऊन एक परका तांडेल प्रथमच बंदरात शिरला. त्याच्या हातात माझा नकाशा होता. मित्रांनो, त्याने तो नीट वाचला. हाच त्याचा अपराध. गलबत जिथे फुटले तिथे नकाशात झेंडे लावलेले जहाज डौलाने चालले होते. गलबतावरचा स्वयंपाकी आणि एक खलाशी बुडाले. तांडेल वाचला, आणि त्याने तो भिजलेला कागद बंदराच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला.

अधिकाऱ्यांनी पुस्तकविक्रेत्यांना जाब विचारला. मंडळाने तातडीने सत्यशोधन केले, म्हणजे सर्वांत गरीब माणूस शोधला. वरचा फलक लागला आणि त्याखाली अशीही ओळ आली की दोष कायम झाल्यास उनोसुकेची हत्यारे जप्त होतील आणि पुन्हा कोणत्याही ठशाला हात लावण्याची त्याला मनाई होईल. आधी निकाल टांगून मग चौकशीची तारीख ठरवली गेली. कामात सुटसुटीतपणा असावा, तो असा.

“जाऊन पाया पडा,” ओसेन म्हणाली.

“पटाशी गेली तर मी काय करू? रताळी विकू?”

“रताळी विकणाऱ्याला एवढा तोरा चालत नाही. म्हणून म्हणते, पाया पडा.”

तो पाया पडायला गेला नाही. यासुबेईंच्या कोठारातून त्याने मला मागून घेतले, फडक्यात गुंडाळले आणि चौकशी भरली होती त्या चहागृहाच्या माडीवर नेऊन सगळ्यांच्या मधोमध ठेवले. मंडळाचे प्रमुख गोन्झाएमोन समोर बसले होते. त्यांच्या शेजारी, आरोपीच्या नव्हे तर पंचांच्या रांगेत, यासुबेई.

उनोसुकेने चहाचे गरम पाणी माझ्यावर ओतले. थोडा वेळ गेला. मग माझ्या अंगातले ते परके लाकूड स्वतःच्या चालीने फुगले आणि जहाजाच्या तळाभोवती ठिगळाची चौकट उठून दिसू लागली.

“बोट फिरवून बघा, थोरले मालक,” उनोसुके गोन्झाएमोनना म्हणाला. “खडक राहून गेला नाही. होता. कापून काढलाय.”

गोन्झाएमोननी बोट फिरवले. “खरंच की. पण हे ठिगळ कोणी मारलं?”

“मी.”

“मग हा हलगर्जीपणा नाही, मुद्दाम केलेला खोडसाळपणा आहे. तू तर स्वतःच जास्त खोलात चाललास.”

यासुबेई पंख्याने वारा घेत म्हणाले, “मी तर आधीपासून म्हणतोय, याचा हात चांगला, डोकं फिरलेलं.”

माडीवर हसू पिकले. उनोसुकेचे शब्द एका बाजूला, यासुबेईंची प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूला. साक्षीदार मी एकटा, आणि लाकडाला भोक कोणी पाडले ते सांगता येते, कोणी पाडायला लावले ते नाही. नागासाकीत वसंतात पतंगांची काटाकाटी चालते; मुरलेला खेळाडू आधी मांजा सैल सोडतो आणि समोरच्याला तोऱ्यात वर चढू देतो. उनोसुकेने तेच केले. त्याने डोके जमिनीला टेकवले आणि आवाज एकदम मऊ केला.

“कबूल, थोरले मालक. खडक मीच काढला, स्वतःच्या डोक्याने. लिहून घ्या. पण मग पुढचंही लिहा. ते जहाज माझी कल्पना. शिडं माझी, झेंडे माझे. लोक ज्याच्यासाठी नकाशा घेतात ते सगळं मला सुचलं. यासुबेई मालकांचा त्यात काडीचाही संबंध नाही. गावभर ते स्वतःचं म्हणून सांगतात, ते बिचारे वयामुळे विसरले असतील.”

पंखा थांबला. यासुबेईंनी यावर जे उत्तर दिले ते मी शब्दशः सांगणार आहे. पण आधी त्या उत्तरानंतर काय झाले ते सांगतो.

गोन्झाएमोननी खाली मान घालून पुष्कळ वेळ स्वतःचा चहा पाहिला. हत्यारे जप्त झाली नाहीत. उनोसुके म्हातारपणापर्यंत नकाशे कोरत राहिला आणि प्रत्येक नकाशात पाणकावळ्यांचा खडक गरजेपेक्षा जरा मोठाच असे. तो फलक मात्र मंडळाने खोटा ठरवला नाही. अब्रूचा प्रश्न होता, म्हणून नुसता उतरवून ठेवला. उतरवलेला फलक टिकतो, आणि टिकलेले वाक्य विद्वानांना सापडते. मी यासुबेईंना नकोसा झालो. ओसेनने मला घरी नेले आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. तिच्या सुनांनी, नातसुनांनीही मला तिथेच ठेवले. मिठाच्या वासात काढलेल्या त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. पिंपावर असताना माझ्याबद्दल कोणी खोटे बोलले नाही. तो सन्मान मला काचेच्या पेटीत मिळाला.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना वाळवीपासून जपा; पण एवढ्यावर थांबू नका. त्यांच्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून झाली की खाली वाकून त्या वस्तूलाही वाचा. माझ्या अंगावरचे ठिगळ अजून तिथेच आहे. पावसाळी हवेत ते आजही थोडे फुगते. आणि ज्यांना लाकडाची साक्ष पुरेशी वाटत नाही, त्यांच्यासाठी पंच म्हणून बसलेल्या पाच प्रकाशकांच्या समोर, दिवसाढवळ्या, कोणीही न विचारता उठून उभे राहत यासुबेई काय म्हणाले ते, एकही शब्द न बदलता:

“जहाज याचं? या पटाशी ठोकणाऱ्याचं? अहो, जहाज माझं आहे! डोकं माझं, जागा माझी, झेंडे किती तेसुद्धा मी सांगितलं! हा तर खडकाला हात लावायला तयार नव्हता, म्हणे बोटी फुटतील. मीच म्हटलं, फुटू देत, तू काढ तो खडक. खडक बघायला कोणी पैसे देत नाही!”