पुसायला उघडलेलं मशीन

सकाळपासूनचं हे नववं दुकान. कार्ड मशीन दुरुस्तीच्या कंपनीत कामाला असलेल्या प्रीतीचे पाय जयसिंगपुरात पोचेपर्यंत भरून आले होते. कापड दुकानदार रुद्राप्पांच्या मशीनवर एकच ओळ दिसत होती : छेडछाड झाली आहे.

“उघडलंत का, अण्णा?”

“चहा सांडला, म्हणून पुसायला उघडलं. पण बंद करूनच उघडलं की!”

“मशीन बंद असलं तरी आतली चिप बारक्या सेलवर जागी असती. झाकण निघालं की ती आपले गुप्त कोड पुसून टाकती. कुणी कार्डाची माहिती चोरू नये म्हणून.”

रुद्राप्पांचा चेहरा पडला. “म्हंजे मी चोर व्हय?”

या आठवड्यात हे तिला तिसऱ्यांदा ऐकावं लागत होतं. “चिपला मालक कोण, चोर कोण, कळत न्हाय अण्णा. आता नवंच मशीन येईल, आठ दिवसांनी.”

ते गादीवरचे तागे बाजूला सारत म्हणाले, “बस जरा, पोरी. किती उभी राहशील?”

प्रीती बसली. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘चहा सांडल्यामुळे मालकांनी पुसण्यासाठी उघडले’, आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.