तारणातले बारा नग

प्रजासत्ताक अखेर शपथेवर उभे असते. म्हणून डेल्बर्ट कूपने काउंटी कचेरीच्या खिडकीसमोर उजवा हात वर केला आणि नव्या शाळेच्या बांधकामावर बारा फिरते संडास आपण पुरवले असून मार्चपासून ठेकेदाराने छदामही दिलेला नाही, असे देवाला स्मरून सांगितले.

“हात खाली घे,” खिडकीमागची आर्डिस म्हणाली. “श्रम पुरवलेस की साहित्य?”

“संडास पुरवले.”

“कागदावर दोनच रकाने आहेत, डेल्बर्ट.”

“उभे असतात ते साहित्य. उपसतो ते श्रम.”

आर्डिसने दोन्हीकडे फुल्या मारल्या. शाळेत एका बाकावर बसलेली माणसे. वाद फार ताणत नसत.

सरकारी इमारतीवर जप्ती आणता येत नाही. त्याऐवजी, ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते भरणाऱ्या हमीदाराचा बाँड काउंटीकडे असतो, आणि ज्याचे पैसे अडकले त्याला त्याची नक्कल मिळते. महिनाअखेर हप्ता गेला नाही, तर बँक डेल्बर्टचा मैला उपसायचा टँकर ओढून नेणार होती.

“संडास सरळ उचलून का नाही आणलेस?”

“आजच आणणार होतो. पण हमीदार देणार असेल तर कशाला भांडण? ठेकेदार असला तरी ब्लेन चर्चमध्ये माझ्याच शेजारी बसतो.”

“हो, वर्गणीचं ताट आलं की त्याची प्रार्थना लांबते.”

यंत्रातून नक्कल गरम बाहेर आली. हमीदार विमा कंपनी नव्हती. हमीदार होता ब्लेनचा मेहुणा रस्टी. बाँड घ्यायचा काउंटीकडून राहून गेला होता, तो काम सुरू झाल्यावर घाईने उरकलेला. हमीपोटी रस्टीने मालमत्ता लिहून दिली होती: मासेमारीची एक होडी, आणि ‘शाळेच्या जागेवरील निळ्या प्लास्टिकच्या खोल्या, नग बारा’.

डेल्बर्टने चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“अगं, हे माझे आहेत.”

“माहितीये. आत्ताच शपथेवर सांगितलंस. पण वाद मिटेपर्यंत तारण हलवायचं नाही. आणि स्वच्छ ठेवायचं.”

“कोणी?”

“ज्याच्याकडे टँकर असेल त्याने.” तिने आवाज उतरवला. “होडी तरी धड आहे का रे?”

“ईस्टरला बुडाली. मी होतो तिच्यात.”

त्याने नक्कल खिशात घातली आणि टँकर शाळेच्या दिशेने वळवला. गुरुवार होता, उपशाचा दिवस. टाक्या भरल्या होत्या.