प्रेताची होडी आली की मोटर बंद

नेफ्तालीच्या होडीची मोटर गार असली की पहिल्या ओढीत सुरू व्हायची. गरम असताना बंद केली, की मग प्रत्यक्ष देव खाली उतरून दोरी ओढू दे, ती ढिम्म. नेफ्ताली माझ्या बहिणीचा, लिसेनियाचा, नवरा. आणि मी गावातल्या मोटरी दुरुस्त करणारा. झाकण काढून मी त्याला बोट ठेवून दाखवलं होतं.

"दाजी, कॉइल गेलीय. आतली तार तापली की सुटते, मग ठिणगी पडत नाही. निवली की परत चिकटते. किब्दो शहरातून नवी आणा."

"चालतेय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस?"

त्याने त्यावर स्वतःचा उपाय काढला. मोटर बंदच करायची नाही. केळीचे घड चढवताना चालू, धक्क्यावर कॉफी पिताना चालू. गावात म्हणायचे, नेफ्तालीची बायको झोपते, मोटर झोपत नाही.

आमच्या आत्रातो नदीवर प्रेताच्या होडीला मोटर लावत नाहीत. ती प्रवाहाबरोबर, वल्ह्यांच्या आधाराने, गाणी म्हणत जाते. वाटेत जो भेटेल त्याने मोटर बंद करायची, काठाला सरायचं आणि टोपी काढून उभं राहायचं. गावातल्या एरास्मोच्या मेलेल्या बापाला असं नेत होते तेव्हा नेफ्ताली धडधडत शेजारून निघून गेला. त्याच्या लाटेने प्रेताची पेटी भिजली. नंतर तो सांगायला गेला की बंद केली असती तर तिथेच अडकलो असतो. एरास्मो म्हणाला, "मोटर तापते म्हणे याची! आणि लाज? ती कायमचीच गार का रे?"

सगळे हसले. आमच्याकडे मेलेल्यापाशी सगळं गाव रात्रभर गाणी म्हणत जागतं; पुढे नेफ्तालीची आई गेली, तर त्याच रागाने तिच्यापाशी जागायला एक माणूस आलं नाही. आम्ही तिघांनीच बेसूर गाणी म्हटली. लिसेनियाने त्याचा फार धसका घेतला. मला अजूनही त्या गावाची चीड येते.

मग एका सकाळी केळीच्या बागेत लिसेनियाच्या पायाला साप चावला. नेफ्तालीने आणि मी तिला होडीत निजवलं आणि नदीच्या वरच्या अंगाला, किब्दोच्या इस्पितळाकडे सुटलो. पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, पण ती बोलत होती. मोटर झकास चालली होती. पोचलो असतो.

वळणावर गाणी ऐकू आली. समोरून प्रेताची होडी येत होती आणि तिच्यात उभा होता एरास्मो. त्याची आई गेली होती. मागे लहान होड्यांची रांग, पुढचं पाणी अरुंद. एरास्मोने वल्हं आडवं धरलं.

"आज बंद कर, नेफ्ताली! बापाच्या वेळी केलंस ते आईच्या वेळी नाही चालायचं!"

"अरे, बायकोला साप चावलाय! बंद केली तर परत लागणार नाही!"

"बरा सापडला तुला साप!"

नेफ्तालीचा हात बटणावर गेला आणि थांबला. तेव्हा खालून लिसेनिया म्हणाली, "बंद करा हो. मी मेले तर माझ्यापाशीही कोणी येणार नाही. बंद करा."

"गप गं! दाजी, ऐकू नका तिचं," मी ओरडलो.

त्याने बंद केली. आम्ही टोप्या काढल्या. पेटी हळूहळू शेजारून गेली. एरास्मोने होडीत वाकून पाहिलं, लिसेनियाचा काळानिळा पाय त्याला दिसला, आणि तो सरळ पुढे बघू लागला.

मग नेफ्ताली दोरी ओढत राहिला. तळहात सोलले. मी प्लग काढून लोखंडाला टेकवला, त्याने ओढली, ठिणगी नाही. मी सदरा फाडला, भिजवून पिळला आणि कॉइलला गुंडाळला. दर थोड्या वेळाने बदलत राहिलो. तोवर प्रवाहाने आम्हाला उलटं, खाली नेलं, त्या रांगेच्या शेपटाला नेऊन लावलं. हाती वल्हं एकच. आता आम्हीही प्रेताबरोबरचेच दिसत होतो.

"एरास्मो, कोणाला तरी थांबव रे!" नेफ्ताली ओरडला.

"माझी आई वाटेत आहे. आज मी कोणाला हाका मारत नाही."

तेवढ्यात खालून आमच्याच गावच्या होविनोची मोठी होडी आली. दोन मोटरी, दोन्ही नव्या. किब्दोलाच निघाली होती. रीत पाळून होविनोने दोन्ही बंद केल्या, पार पलीकडच्या काठाला गेला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला. नेफ्ताली आणि मी उभे राहून हात वर करून किंचाळलो. "होविनो! इकडे ये! लिसेनिया मरतेय!" एरास्मोने मागे वळून आमच्याकडे बघितलं, त्या होडीकडे बघितलं आणि गाण्याचा सूर चढवला. बाकीच्यांनीही चढवला. आमच्याकडे प्रेतामागून जाणारी माणसं अशीच हात वर करून आक्रोश करतात. होविनोने मान आणखी खाली घातली. रांग पुढे सरली तशा त्याच्या दोन्ही मोटरी एका ओढीत सुरू झाल्या आणि तो वळणाआड गेला.

लिसेनियाने पाणी मागितलं. मी ओंजळीने पाजलं, ते ओठांतून रक्ताबरोबर परत आलं. मी फडकं पुन्हा भिजवायला वळलो.

या वेळी प्लगवर निळी ठिणगी पडली. मी प्लग बसवला, नेफ्तालीने ओढली आणि मोटर गर्जली. तो वेड्यासारखा हसला. "लागली गं, लिसे! लागली!" त्याने होडी वळवली, पूर्ण वेगात सोडली, आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिला. मी तिचा हात धरून बसलो होतो. तो गार पडला होता.

तिच्यापाशी जागायला सगळं गाव आलं. एरास्मोही आला आणि सर्वांत मोठ्याने गायला. होविनो नेफ्तालीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एरास्मोच्या आईसाठी तुम्ही दोघं केवढं रडत होतात, भाऊ. पलीकडे उभ्या उभ्या मलाही रडू आलं."