ओळंब्यात उभा केलेला पृथ्वीगोल

शाळेच्या फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी उभी आहे, आणि इकडे व्हरांड्यात, रद्दीच्या गठ्ठ्यावर मी. पृथ्वीचा गोल. गाडी भरेपर्यंत जेवढं बोलून होईल तेवढं बोलतो. ऐकून घ्या.

मी जन्मलो तोच तिरका. कारखान्यात एक म्हातारा कारागीर पितळी कमानीत माझा दांडा बसवायचा आणि लाकडी पट्टी लावून तपासायचा. साडेतेवीस अंश कलला पाहिजे, केसभर कमी नाही की जास्त नाही. हातातून सोडताना मला म्हणाला, "जा बाबा. मान वाकडी म्हणून लाजू नकोस. तुझी सगळी कमाई त्या मानेतच आहे."

तेव्हा काही उमगलं नाही. उमगलं ते शाळेत, भूगोलाच्या बाईंच्या हातात. खिडक्या लावून बाई टेबलाच्या मधोमध दिवा ठेवत. तो सूर्य. मला घेऊन त्याच्याभोवती सावकाश फिरत, पण माझं डोकं कायम फळ्याकडेच. मग काय व्हायचं, टेबलाच्या एका अंगाला माझं डोकं दिव्याकडे झुकायचं. वरच्या भागावर ऊन सरळ पडायचं, दिवस लांबायचा. तो उन्हाळा. पलीकडच्या अंगाला गेलो की तेच डोकं दिव्यापासून दूर. ऊन तिरपं नि पातळ, दिवस आखूड. वर हिवाळा, आणि त्याच वेळी खाली उन्हाळा. "ही मान कलली आहे म्हणून ऋतू आहेत, बाळांनो," बाई म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

बाई निवृत्त झाल्या. पुढच्याच महिन्यात टेबल पुसताना शिपाईमामांचा धक्का लागला आणि मी फरशीवर आपटलो. कमान बुडातून निखळली. मामांचा जीव कासावीस झाला. पडलेलं लेकरू उचलावं तसं उचलून त्यांनी मला घरी नेलं. शाळेत लागण्याआधी वीस वर्षं त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली काढलेली. उभं करायचं ते ओळंब्याची दोरी धरूनच, हे हाडांत मुरलेलं.

मामी म्हणाल्या, "पहिल्यापासून जरा वाकडाच नव्हता का हो तो?"

"वाकडा होता म्हणून तर पडला," मामा म्हणाले. ओळंबा सोडून त्यांनी माझा दांडा सुतासारखा सरळ केला आणि वर कथील वितळवून पक्का डाख दिला. मी आतून ओरडत होतो. पण कागदाच्या लगद्याचं ओरडणं कुणाच्या कानी जायचं?

भूगोल गळ्यात पडला कवायतीच्या सरांच्या. मला बघून ते खूश. "वा मामा, आता कसा सावधानमध्ये उभा आहे!" मामा आठवडाभर छाती काढून फिरले.

मग सरांनी दिवा लावला आणि मला फिरवलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. वरखाली ऊन सारखंच, दिवसही सारखेच. ऋतू काही बदलेना. सरांना घाम फुटला. शेवटी मला दिव्याजवळ नेऊन म्हणाले, "पृथ्वी जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. लिहून घ्या." चाळीस वह्यांत ते उतरलं, तेही माझ्या साक्षीनं. अहो, आपल्याकडे कडाक्याची थंडी असते ना, तेव्हाच पृथ्वी सूर्याच्या जरा जवळ असते. पण हे मी सांगू कसं?

एक मुलगी उठली. वर्गात तिला शंकाबाई म्हणत.

"सर, माझी मावशी पृथ्वीच्या खालच्या भागात राहते. आपण पंखे लावतो तेव्हा ती फोनवर म्हणते, दात वाजतायत. सगळी पृथ्वीच जवळ गेली, तर मावशी एकटीच लांब कशी राहिली?"

वर्ग खो खो हसला. सरांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोलच खराब आहे," म्हणाले. "मामा, भंगारात देऊन टाका."

म्हणून मी इथे. शंकाबाई मात्र मधल्या सुट्टीत मागोमाग आली.

"मामा, हा आधीपासून असाच होता?"

"छे गं. मान टाकलेली त्यानं. मी नीट केला."

"किती टाकलेली? दाखवा ना."

मामांनी तळहात उभा धरला आणि हळूच कलता केला. पोरीनं मला उचलून तस्सं तिरकं धरलं. "तुम्ही सूर्य. हलू नका." डोकं फाटकाच्या दिशेलाच ठेवून ती त्यांच्याभोवती निघाली. "इथे वरचा भाग तुमच्याकडे आलाय. आता इथे..." ती थांबली. "इथे खालचा आला. मामा, मावशी सापडली."

मामा पायरीवर टेकले. माझ्या डाखावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे ऋतू मी घालवले होय गं?"

"डाख काढा ना मग. परत कलवा."

"मी जोडलेलं आजवर कधी निघालं नाही, पोरी. जोर लावला तर दांडाच मोडेल."

भंगारवाला फाटकातून दुसऱ्यांदा हाक मारतोय. मामांनी मला आता गठ्ठ्यावरून उचलून मांडीवर घेतलंय. दोन्ही हात कमानीवर आहेत.

मामा, मला जपू नका. सरळ राहिलो तरी त्या गाडीतच जाणार आहे, मोडलो तरी गाडीतच. पण मधे एक वाट आहे, नुसता डाख सुटला तर मी परत कलेन, आणि ती तुमच्याच हातात आहे. असा ताठ उभा आहे तोवर मी खोटा आणि त्या चाळीस वह्याही खोट्या. पोरगी बुड घट्ट धरेल. गुडघा रोवा, मामा, आणि लावा जोर.